पान, कागद आणि ७९२

७९२ हा आकडा मला पहिल्यांदा दिसला तो एका जुन्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये, आणि त्याच्या आजूबाजूला त्याचा अर्थ सांगणारे एक अक्षरही नव्हते. मोजमापांचे तक्ते तयार करून छापणारा तो प्रोग्रॅम मी नुकताच सांभाळायला घेतला होता आणि त्याविषयी आलेल्या एका तक्रारीचे मूळ शोधत ओळीमागून ओळ वाचत होते. छापलेल्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातले आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी जुळत नाहीत, पडद्यावर ३८५२० दिसते आणि कागदावर ३८५ उमटते, अशी ती तक्रार होती. साहजिकच मी गणितातली चूक शोधत राहिले. दोन दिवस बेरजा, भागाकार आणि एककांची रूपांतरे तपासली. सगळे बिनचूक होते. तिसऱ्या दिवशी छापलेल्या पानाचे छायाचित्र मागवले आणि ते पाहताक्षणी उलगडा झाला. शेवटचे दोन अंक चुकलेले नव्हतेच. ते कागदाच्या बाहेर पडले होते.

पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसे काढायचे ते प्रिंटरला सांगणारी भाषा, आणि पीडीएफ या दोन्हींमध्ये अंतरे पॉइंटमध्ये मोजतात आणि १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. अमेरिकेत आणि कॅनडात रोजच्या वापरात असलेला ‘लेटर’ हा कागद ८.५ इंच रुंद आणि ११ इंच उंच असतो. ११ ला ७२ ने गुणले की ७९२ येतात, ८.५ ला गुणले की ६१२. ज्याने कोणी तो कोड लिहिला त्याच्यासमोर लेटर कागद होता, आणि जगात दुसरा कागद असेल असे त्या क्षणी त्याच्या मनात आले नसावे. जगाच्या बहुतेक भागात मात्र ए४ वापरला जातो: २१० मिलिमीटर रुंद, २९७ मिलिमीटर उंच, पॉइंटमध्ये सुमारे ५९५ बाय ८४२. लेटरपेक्षा तो ५.९ मिलिमीटरने अरुंद आणि १७.६ मिलिमीटरने उंच आहे. आमचा तक्ता कागदाच्या उजव्या कडेपासून पाव इंच अलीकडे, म्हणजे डाव्या कडेपासून साधारण २०९.५ मिलिमीटरवर संपत होता. ए४ कागद तिथून अर्ध्या मिलिमीटरवर संपतो, आणि बहुतेक प्रिंटर कडेच्या चार-पाच मिलिमीटरांच्या पट्टीत काहीही छापू शकत नाहीत. दहा पॉइंटच्या टंकातला एक अंक सुमारे दोन मिलिमीटर जागा घेतो. दोन अंक गेले ते असे.

या चुकीने मी हादरले, कारण शब्दाचा शेवट तुटला तर वाचणाऱ्याला तो तुटलेला दिसतो, पण संख्येचे शेवटचे दोन अंक नाहीसे झाले तर उरते ती एक धडधाकट, खरी वाटणारी, शंभरपट लहान संख्या. ती पाहून कोणालाही काही चुकले असावे असा संशय येत नाही. पडदा आणि कागद शेजारी ठेवून पाहण्याची सवय त्या तक्रारकर्त्या व्यक्तीला होती, म्हणून ते लक्षात आले. त्या दिवसापासून कागदाचा आकार ही छपाईच्या आधी शेवटच्या खिडकीत निवडायची किरकोळ बाब आहे, असे मला कधीच वाटलेले नाही.

ए४ चे मूळ एका सुंदर प्रश्नात आहे. कागद मधोमध दुमडला तर मिळणाऱ्या अर्ध्या भागाची ठेवण मूळ कागदासारखीच राहील, असे लांबी-रुंदीचे प्रमाण कोणते? गेऑर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने २५ ऑक्टोबर १७८६ रोजी योहान बेकमान यांना लिहिलेल्या पत्रात हा प्रश्न आणि त्याचे उत्तर, म्हणजे १ ला २ चे वर्गमूळ हे प्रमाण, नोंदवून ठेवले आहे; बीजगणित शिकायला येणाऱ्या एका तरुण इंग्रजाला आपण हे उदाहरण सोडवायला दिले होते, असे ते त्यात सांगतात. पुढे वाल्टर पोर्स्टमान यांच्या प्रयत्नांतून १९२२ साली जर्मनीत या प्रमाणावर आधारलेले मानक आले आणि १९७५ मध्ये त्याला आयएसओ २१६ हे आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. ए० या तावाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो चारदा दुमडला की ए४. म्हणून ८० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या कागदाचा एक ए४ ताव ५ ग्रॅम भरतो आणि टपालाचे वजन तोंडी काढता येते. ए४ वरचा मजकूर ७१ टक्क्यांवर आणला की तो ए५ मध्ये नेमका बसतो, १४१ टक्के केला की ए३ भरतो.

लेटरमध्ये ही सोय नाही. त्याचे प्रमाण १.२९४ आहे आणि त्याचा अर्धा भाग १.५४५ प्रमाणाचा, म्हणजे बराच सडपातळ होतो. एका कागदावर दोन पाने शेजारी छापायची असली तर ए४ वर ती काठोकाठ बसतात. लेटरवर मात्र प्रत्येक पान ६४.७ टक्क्यांपर्यंत आक्रसते आणि तरीही वर-खाली रिकामी पट्टी उरते. दोन पाने एका कागदावर बसवणारा कोड केवळ ए४ वर तपासलेला असला, तर त्यात ७१ हा आकडा कुठेतरी दडलेला असतो आणि लेटरवर तो मजकूर कापतो. चूक म्हणजे फक्त एका देशाच्या कागदाचा आग्रह नव्हे. जो कागद स्वतःच्या टेबलावर आहे तोच सगळ्यांच्या टेबलावर असेल, हे गृहीत धरणे ही चूक, आणि ती ए४ वापरणारेही तितक्याच सहज करतात.

मराठीत पान आणि कागद असे दोन वेगळे शब्द आहेत याचा मला या कामात फार आधार वाटला. पान ही लिहिणाऱ्याच्या मनातली चौकट आहे: किती ओळी, किती समास, मथळा कुठे, पृष्ठक्रमांक कुठे. कागद ही प्रिंटरच्या ट्रेमध्ये ठेवलेली वस्तू आहे. आणि या दोहोंच्या मध्ये आणखी एक तिसरी चौकट असते, कागदाचा प्रत्यक्ष छापता येणारा भाग, जो प्रिंटरागणिक बदलतो. चांगल्या सॉफ्टवेअरने या तीन मापांची तीन वेगळी नावे ठेवली पाहिजेत आणि ती कधीही एकमेकांच्या जागी वापरता कामा नयेत. मी पाहिलेल्या बहुतेक बिघाडांमध्ये या तिन्हींना एकच नाव दिलेले होते. पीडीएफची रचना करणाऱ्यांना ही गरज चांगली उमगलेली दिसते. त्यात प्रत्येक पानासोबत त्याच्या माध्यमाची चौकट लिहिलेली असतेच, शिवाय दाखवायचा भाग, कापून उरणारा अंतिम आकार, कापण्यापूर्वी कडेबाहेर वाहू द्यायची शाई यांसाठीही स्वतंत्र चौकटी देता येतात. एकाच दस्तऐवजात प्रत्येक पानाचा आकार वेगळा असला तरी चालतो. उभ्या पानांच्या अहवालात मधेच एक आडवा नकाशा घालणाऱ्याला हे स्वातंत्र्य किती मोलाचे असते ते विचारून पाहावे.

याउलट उदाहरण टेकचे. डोनाल्ड नुथ यांच्या या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणूनच तिच्यातली ही गोष्ट सांगते. साध्या टेकमध्ये मजकुराची चौकट ६.५ इंच रुंद आणि ८.९ इंच उंच धरलेली आहे आणि ती कागदाच्या वरच्या व डाव्या कडेपासून प्रत्येकी १ इंचावर सुरू होते. कागदाचे नावही कुठे नाही, पण बेरीज करून पाहिली की १ अधिक ६.५ अधिक १ मिळून ८.५ होतात: लेटर कागद त्या आकड्यांच्या आड उभा आहे. तेच पान ए४ वर छापले तर डावा समास २५.४ मिलिमीटर, उजवा १९.५, वरचा २५.४ आणि खालचा तब्बल ४५.५ पडतो. मजकूर उजवीकडे आणि वर सरकल्यासारखा वाटतो, आणि वाचणाऱ्याला नेमके काय खटकते आहे ते सांगता येत नाही. टेकमधून निघणाऱ्या मूळ डीव्हीआय फाइलीच्या रचनेत कागदाच्या आकारासाठी नेमून दिलेली जागाच नव्हती. तो आकार पुढच्या टप्प्यावरच्या प्रोग्रॅमला वेगळा सांगावा लागे. टेकवर उभारलेल्या लाटेकमध्ये ए४ साठी वेगळा पर्याय आहे, पण तो लिहिला नाही तर नेहमीच्या लेखाचा साचा लेटरच धरतो. पर्याय उपलब्ध असणे आणि तो लक्षात येणे यांत मोठे अंतर असते, आणि जे काही न निवडता मिळते तेच बहुसंख्य लोकांच्या वाट्याला येते.

न निवडता मिळणारा हा आकार ठरवायचा कसा, यावर मी या कामातला सर्वाधिक वेळ घालवला आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संगणकाची भाषा पाहायची. भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर लेटर, नाहीतर ए४. हा मार्ग चुकीचा आहे, कारण जगभर असंख्य लोक आपला संगणक अमेरिकन इंग्रजीत ठेवतात. त्यांच्या ट्रेमध्ये मात्र ए४ असतो. उलट मेक्सिको, कोलंबिया, चिली या देशांत स्पॅनिश बोलतात आणि कागद लेटर वापरतात, तर स्पेनमध्ये त्याच भाषेचे लोक ए४ वर छापतात. फिलिपिन्सही लेटरच्याच बाजूला आहे. भाषा तोंडात असते, कागद ट्रेमध्ये असतो. एकावरून दुसरा ओळखता येत नाही. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहात कागदाचा आकार भाषेशी नव्हे तर प्रदेशाशी जोडलेला आहे, ते योग्यच झाले. लिनक्सवरच्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीमध्ये तर भाषा, चलन, तारखेची पद्धत यांच्या बरोबरीने कागदासाठी ‘एलसी पेपर’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात फक्त दोन आकडे असतात, उंची आणि रुंदी, मिलिमीटरमध्ये. इतर सगळे अमेरिकन ठेवून केवळ कागद बदलता येतो. ही सोय कोणाला सुचली ते मला ठाऊक नाही, पण ज्याला सुचली त्याने वापरणाऱ्या माणसाचा खरोखर विचार केला होता. दुर्दैवाने अनेक प्रोग्रॅम त्या विभागाकडे पाहतच नाहीत.

नावांचा घोळ हा आणखी एक खोल खड्डा आहे. विंडोजमध्ये कागदांना क्रमांक आहेत: लेटरचा १, लीगलचा ५, ए४ चा ९. क्रमांकावरून माप कळत नाही. त्यासाठी तक्ता हवा, आणि ज्याच्या तक्त्यात तो क्रमांक नाही त्याने काय समजायचे? नुसते नाव दिले तरी भागत नाही. बी५ म्हटले की आयएसओच्या मानकानुसार १७६ बाय २५० मिलिमीटर, पण जपानच्या मानकातला बी५ आहे १८२ बाय २५७. नाव तेच, कागद वेगळा. आणि फरक इतका थोडा की ट्रेमध्ये दोन्ही बसतात. नेटवर्कवरून छापण्याच्या आयपीपी पद्धतीत यावर जो तोडगा काढला आहे तो मला फार आवडतो. तिथे कागदाच्या नावातच मानक, नाव आणि माप असे तिन्ही लिहितात: आयएसओ, ए४, २१० बाय २९७ मिमी. एखादा आकार आयुष्यात कधी न ऐकलेला प्रोग्रॅमही ते नाव वाचून कागदाची कड कुठे आहे ते सांगू शकतो.

आता खरा कठीण प्रश्न. पान ए४ चे आहे आणि ट्रेमध्ये लेटर आहे. सॉफ्टवेअरने काय करावे? पोस्टस्क्रिप्टमध्ये या प्रसंगासाठी धोरणांची एक यादीच आहे आणि प्रत्येक धोरणाला क्रमांक आहे: चूक जाहीर करून थांबावे, मागणीकडे दुर्लक्ष करावे, माणसाला विचारावे, सर्वांत जवळचा कागद घेऊन पान त्यात बसवावे, किंवा त्याहून मोठा कागद शोधावा. या कोरड्या यादीत मला नेहमी माणसांचे स्वभाव दिसतात. बहुतेक सॉफ्टवेअर ‘बसवावे’ हा मार्ग धरते, आणि तोही न सांगता. ए४ चे पान लेटरवर बसवायला ते ९४ टक्के करावे लागते. लेटरचे पान ए४ वर आणायला सुमारे ९७ टक्के. पत्र असेल, निबंध असेल, तर या तीन-सहा टक्क्यांनी कोणाचे काही बिघडत नाही. पण त्याच पानावर छापलेली १० सेंटिमीटरची मोजपट्टी ९.७ सेंटिमीटरची होते. शिवणकामाच्या नमुन्यांवर, लेबलांच्या तयार चिकट कागदांवर, यंत्राने वाचायच्या अर्जांवर हे तीन टक्के म्हणजे वाया गेलेले कापड आणि नाकारलेला अर्ज असतो. शिवणाचे नमुने तयार करणारे लोक पानाच्या कोपऱ्यात ठरावीक मापाचा एक चौकोन छापून ‘आधी हा मोजून पाहा’ असे लिहितात. सॉफ्टवेअरने विश्वास गमावला म्हणून त्यांना ही काळजी घ्यावी लागते, असे मला वाटते, आणि तो चौकोन दिसला की मला आमच्या व्यवसायाची लाज वाटते.

न बसवता तसेच छापले तर काय कापले जाईल, हेही आरंभबिंदू कुठे आहे यावर ठरते. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मोजतात, शाळेत आलेख काढतो तसे. पडद्यासाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतात. ए४ चे पान खालच्या कोपऱ्याला धरून लेटरवर ठेवले तर वरचे १७.६ मिलिमीटर, म्हणजे मथळा जातो. वरच्या कोपऱ्याला धरले तर तळ, म्हणजे पृष्ठक्रमांक किंवा सहीची ओळ जाते. मध्यभागी ठेवले तर दोन्हीकडून थोडे थोडे. यांतला कोणता मार्ग बरा, हे त्या पानावर काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, आणि ते पान लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

म्हणून माझे मत असे बनत गेले की कागद बदलला की काय करायचे हे दस्तऐवजानेच सोबत घेऊन फिरले पाहिजे. निबंध म्हणतो, माझा मजकूर नव्या कागदावर नव्याने जुळवा, समास तेवढे राखा. अर्ज म्हणतो, मला हात लावू नका. माझा कागद नसेल तर थांबा आणि सांगा. अर्थात नव्याने जुळवण्यालाही किंमत आहे. ओळी सरकल्या की पाने सरकतात, आणि कोणी ‘४७ व्या पानावरचा तिसरा परिच्छेद’ असा हवाला दिला असेल तर तो दुसऱ्या देशातल्या वाचकाला भलतीकडे नेतो. ज्या लिखाणाचे हवाले पृष्ठक्रमांकाने दिले जातात, ते लिखाण निबंधासारखे दिसले तरी ते अर्जाच्याच बाजूला ठेवले पाहिजे. वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये पानाचा आकार लिहिण्याची सोय आहे, वर्ड प्रोसेसरमध्ये ए४ आणि लेटर यांच्यात मजकूर आपोआप लहानमोठा करण्याचा पर्यायही आढळतो. पण ‘हे पान बदलू नये’ असे लेखकाला ठामपणे म्हणता यावे आणि छापणाऱ्या शेवटच्या प्रोग्रॅमपर्यंत ते पोहोचावे, अशी सरळ वाट मला अजून फार थोड्या ठिकाणी दिसते.

तोवर मी एक जुना, साधा उपाय वापरते. ए४ ची रुंदी आणि लेटरची उंची घेतली की २१० बाय २७९.४ मिलिमीटरची एक चौकट मिळते, जी दोन्ही कागदांच्या आत राहते. प्रमाणपत्रे, पावत्या, दोन वेगळ्या देशांत छापली जाणारी पत्रके यांचा मजकूर मी याच चौकटीत, चारी बाजूंनी पुरेसा समास सोडून बसवते. ए४ वर तळाशी थोडी जागा मोकळी राहते, लेटरवर उजवीकडे. पण एकही अक्षर हरवत नाही आणि एकही मिलिमीटर आक्रसत नाही.

त्या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ७९२ हा आकडा एकूण अकरा ठिकाणी होता. ६१२ सात ठिकाणी. काही जागी ७९२ हा आकडा ७५६ होऊन बसला होता, म्हणजे आधीच अर्धा इंच समास वजा केलेला. एके ठिकाणी ३९६, म्हणजे पानाचा मध्य. एकेक शोधून काढताना लक्षात आले की आकडे बदलून ८४२ घातले तर मी तीच चूक दुसऱ्या बाजूने करणार आहे. म्हणून सगळे आकडे काढले आणि प्रत्येक माप पानाकडूनच मागून घ्यायची व्यवस्था केली: पाना, तुझी उंची किती, तुझा उजवा समास कुठे संपतो? तक्ता मावत नसेल तर अंक कापण्याऐवजी रकाना पुढच्या पानावर न्यायचा, आणि तेही जमत नसेल तर छापायला नकार देऊन कारण सांगायचे.

हे सगळे खरोखर झाले की नाही ते तपासण्यासाठी मी २०३ बाय ३०७ मिलिमीटरचे एक चाचणीपान केले. हा आकार कोणत्याही मानकात नाही आणि तो मुद्दाम तसा निवडला आहे. ए४ आणि लेटरवर बरोबर उमटणारा कोडसुद्धा या पानावर आपल्या पोटातले लपलेले आकडे उघडे करतो. प्रोग्रॅममध्ये कोणीही काहीही बदल केला की हे पान आधी छापले जाते आणि त्याच्या चारी कडा मोजल्या जातात. मागच्याच महिन्यात तळटिपांची उजवी कड समासाबाहेर साडेतीन मिलिमीटर गेलेली त्यात दिसली. शोधत गेले तर नव्याने लिहिलेल्या एका ओळीत कोणीतरी ५९५ लिहून ठेवले होते.